तेरखेड्याच्या कानांनी पाहिलेले पिच्चर

सिनेमातला स्फोट खोटा असतो, हे तेरखेड्याच्या लेकराला शिकवायला पुण्याची फी भरावी लागत नाही. वाशी तालुक्यातलं, सोलापूर-धुळे हायवेवरचं आमचं गाव फटाके बनवतं. तेरखेडी तोफ म्हटलं की लातूर-बीडपर्यंतच्या लोकांना वेगळं काही सांगावं लागत नाही. दिवाळी जवळ आली की हायवेच्या कडेनं दुकानं मांडली जातात आणि गाड्या आपोआप हळू होतात. अशा गावातून मी सिनेमा शिकायला गेले. त्यामुळं माझी मतं जरा कानठळ्या बसलेलीच असणार, हे आधीच सांगते.

सुट्टीत गावी आले की लॅपटॉपवर पिच्चर लागतो आणि शेजारी तात्या येऊन बसतात. तात्या म्हणजे माझे चुलते. उभा जन्म दारूकामात गेलेला. कुठल्याही दिग्दर्शकाचं नाव त्यांना ठाऊक नाही, पण पडद्यावर काही उडालं की निकाल तयार असतो: "दारू न्हाई ही. पेट्रोल हाय नुसतं."

आणि ते बरोबर असतं.

साडेसात सेकंदांचं रॉकेल

खऱ्या स्फोटकाचा जाळ डोळ्याला नीट दिसतही नाही. क्षणभर लख्ख होतं, मग धूळ, माती आणि करडा धूर. पण पडद्यावर माती कोण बघणार? म्हणून सिनेमावाले थोड्या स्फोटकानं पेट्रोल किंवा रॉकेल हवेत उडवतात आणि पेटवतात. त्याचा सावकाश फुगणारा केशरी गोळा कॅमेऱ्याला आवडतो. ‘स्पेक्टर’ (२०१५) या बाँडपटातल्या मोरोक्कोच्या वाळवंटातल्या स्फोटाची गिनीज बुकात नोंद झाली. ८,४१८ लिटर रॉकेल, ३३ किलो स्फोटक पावडर आणि जाळ साडेसात सेकंदांहून थोडा जास्त. आकडे वाचून दाखवले तर तात्यांनी फक्त रॉकेलचा हिशेब केला आणि रेशनच्या दुकानाची आठवण काढली. मला विचाराल तर त्या अडीच तासांच्या लांबण लावलेल्या पिच्चरमधले तेच साडेसात सेकंद पैसे वसूल. बाकी बाँडसाहेब स्फोटाकडं इतके शांतपणे बघतात, की आपलाच जीव घाबरा होतो.

तात्या सेकंद मोजतात

‘ओपेनहायमर’ (२०२३) मात्र आम्ही दोघांनी मान ताठ करून पाहिला. ख्रिस्तोफर नोलननं अणुस्फोटाची चाचणी संगणकावर न बनवता खरोखरीच्या जाळातून उभी केली. पेट्रोल आणि प्रोपेन गोळ्यासाठी, ॲल्युमिनियमची पूड आणि मॅग्नेशियम लखलखाटासाठी. ॲल्युमिनियमची पूड म्हटल्यावर तात्या सरसावून बसले. फटाक्याला पांढरा लख्ख उजेड देते तीच ही. हॉलिवूडनं आमच्या पोत्यातलाच माल वापरला म्हणायचा.

पण खरी मजा पुढं. उजेड होतो आणि आवाजच येत नाही. थिएटरात लोक या शांततेनं बावचळले होते. आमच्याकडं उजेड झाला की मोजायची सवयच असते: तीन सेकंदांना एक किलोमीटर. तात्या पुटपुटत मोजायला लागले. ओपेनहायमर ज्या खंदकात होते तो बॉम्बपासून साधारण नऊ किलोमीटरवर, म्हणजे आवाज सत्तावीस सेकंदांच्या आसपास यायला हवा. नोलन मिनिटभराहूनही जास्त थांबवतो. "लई लांब बसलाय गडी," तात्या म्हणाले. मी म्हटलं, तात्या, काही शास्त्रज्ञ खरंच वीस मैलांवरच्या टेकडीवर होते, त्यांना दीड मिनिट लागलं असणार. ते म्हणाले, मग ठीक.

विज्ञानात नोलनला सूट दिली, पण नाट्यात पूर्ण मार्क. बहुतेक पिच्चरवाले उजेड आणि धडाम एकाच फ्रेमला चिकटवतात, डोंगरापलीकडचा स्फोट असला तरी. मला आता ते बघवत नाही. (जाता जाता: या पिच्चरची आयमॅक्स प्रिंट सुमारे अकरा मैल लांब आणि पावणेतीनशे किलोच्या घरात होती. आमच्या हॉस्टेलच्या खोलीत ती ठेवली असती तर आम्हाला बाहेर झोपावं लागलं असतं.)

रीळ हाच फटाका

वर्गात ऐकलेली आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलेली गोष्ट ही. जुन्या काळी पिच्चरची फिल्म ज्यापासून बनायची ते नायट्रोसेल्युलोज आणि तोफेत वापरायचं गनकॉटन, ही एकाच घरातली भावंडं. कापूस घ्यायचा, त्याला नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया करायची. फिल्मसाठी नायट्रोजन जरा कमी ठेवायचा आणि लवचिकपणा यायला त्यात कापूर घालायचा. कापूस आणि कापूर! आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग पेटणारच की, आरतीचंच सामान.

पेटायची तरी कशी! जळताना ती स्वतःचाच ऑक्सिजन स्वतःला पुरवते, त्यामुळं पाण्यात बुडवली तरी विझत नाही. ४ मे १८९७ ला पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या प्रोजेक्टरचा ईथरवर चालणारा दिवा भडकला आणि सव्वाशे माणसं गेली. सिनेमाचं वय तेव्हा जेमतेम दीड वर्ष. ‘सिनेमा पॅराडिसो’मध्ये (१९८८) ऑपरेटर अल्फ्रेडोचे डोळे जातात ते याच फिल्मच्या आगीत. आमच्या वर्गात त्या पिच्चरला सगळे रडले. मी आगीच्या प्रसंगात रडले, बाकीचे शेवटच्या चुंबनांच्या जोडणीला. शेवट छानच आहे, पण जरा साखर जास्त.

हिचकॉकनं तर या फिल्मचा फारच चावट उपयोग केलाय. ‘सॅबोटाज’मध्ये (१९३६) एक पोरगं फिल्मचे डबे घेऊन लंडनच्या बसमध्ये चढतं. कंडक्टर म्हणतो, पेटणारी फिल्म बसमध्ये चालत नाही. मग डब्यावरचं पिच्चरचं नाव वाचून हसतो आणि पोराला बसू देतो. डब्यांसोबतच्या पुडक्यात टाइमबॉम्ब आहे, हे फक्त आपल्याला ठाऊक. फटाक्याची पिशवी घेऊन एसटीत चढायचा प्रयत्न ज्यानं केलाय त्याला हा प्रसंग दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळेल. आमच्या स्टँडवरचे कंडक्टर तसे हसत नाहीत, सरळ उतरवतात.

हिचकॉकनं त्या पोराला उडवलं आणि पुढं आयुष्यभर ते चुकलं म्हणून सांगत राहिला. प्रेक्षकाला बॉम्ब दाखवायचा, ताटकळत ठेवायचं, पण शेवटी सोडवायचं, असा त्याचा नियम. मला तो नियम पटत नाही. वात पेटली की तोफ वाजणारच, हेच खरं. पण त्या बसमधला एकेक सिग्नल, एकेक घड्याळ बघताना माझी नखं संपली, तेवढं त्याला देऊन टाकते.

आता जरा घरचं. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात एफटीआयआयच्या आवारात, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुना सिनेमा धूर होऊन गेला. जुन्या सिनेमामागं त्याच्या कितीतरी आधीपासून चांदीवालेही लागले होते. फिल्मवर चांदी असते, ती काढून घ्यायला रिळं वितळवली जायची. भारतात तेराशेच्या वर मूकपट बनले, त्यातले जेमतेम तीसेक हाताशी आहेत, तेही बरेचसे तुकड्यांत. या संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी आयुष्य घालवून जे गोळा केलं ते बघायचं तर ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) हा माहितीपट बघा. अडीच तास आहे, थोडा भक्तिभावानं ओथंबलेला आहे, तरी बघा.

फटाके पडद्यावर: आमच्या गल्लीची परीक्षा

प्रकाश मेहरांच्या ‘जंजीर’ची (१९७३) सुरुवात दिवाळीच्या रात्री होते. बाहेर फटाके, आत गोळ्या, आणि शेजाऱ्यांना फरक कळायचं कारण नाही. तेरखेड्यात ही युक्ती चालली नसती. इथलं सहावीतलं पोरगं सुद्धा आवाजावरून सांगेल, हा सुतळी, ही लवंगी, आणि हा आपला नव्हे.

‘टू कॅच अ थीफ’मध्ये (१९५५) केरी ग्रँट आणि ग्रेस केली जवळ येतात आणि हिचकॉक लगेच खिडकीबाहेरच्या आतषबाजीकडं कॅमेरा नेतो. आपल्याकडं दोन फुलं एकमेकांना टेकायची, त्यांच्याकडं रॉकेट सुटायचं. छायाचित्रणाला ऑस्कर मिळालं, कथा विसरून जा.

‘बूगी नाइट्स’ (१९९७) घरच्यांसोबत अजिबात लावू नका. पण शेवटाकडचा एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा बघते. आल्फ्रेड मोलिनाच्या घरात तीन भामटे गैरव्यवहाराला बसलेत, मोठ्यानं गाणी चालू आहेत आणि एक पोरगं विनाकारण खोलीत फटाके फोडत फिरतंय. प्रत्येक फटाक्याला तिघं दचकतात. यजमान ढिम्म. बंदूक निघायच्या आधीच आपण दमलेलो असतो. पॉल थॉमस अँडरसननं चार आण्याच्या फटाक्यांत जे काढलं ते वर सांगितलेल्या हजारो लिटर रॉकेलला जमलं नाही.

आणि माझा सगळ्यात लाडका: ब्रायन डी पामाचा ‘ब्लो आउट’ (१९८१). नायक सिनेमासाठी आवाज गोळा करणारा माणूस. त्याच्या एका टुकार भयपटाला चांगली किंकाळी मिळत नाहीये. शेवटी आकाशभर आतषबाजी आणि खाली... नाही सांगत. आमच्यात साऊंड शिकणारे सगळे हा पिच्चर बघून दोन दिवस गप्प असतात.

इथं एक आकडा कामाला येतो. भारतात फटाक्याला चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. थिएटरातला पडद्यामागचा एकेक स्पीकर ठरलेल्या पातळीनं जास्तीत जास्त १०५ पर्यंत जातो. म्हणजे नियमात बसणाऱ्या आमच्या फटाक्याएवढा आवाज सुद्धा चित्रपटगृह काढत नाही! मग धडाम मोठं वाटतं कसं? त्याच्या आधीचं सगळं काढून टाकतात. पंखा, रातकिडे, श्वास, एकेक करत. कान रिकामा केला की साधी टाळीही तोफ वाटते.

मराठीत आवाज कोण काढतं?

या हिशेबानं बघितलं तर मराठीतला सगळ्यात मोठा आवाज नागराज मंजुळेंनी काढला, आणि तो काढलाच नाही. ‘सैराट’ (२०१६) गावाकडच्या कुणी पाहिला नाही असं होणार नाही. तो जिथं चित्रित झाला ते करमाळा आमच्या परंड्याला लागूनच, त्यामुळं तो आम्हाला शेजारच्या घरातला पिच्चर वाटला. अजय-अतुल यांनी त्याचं संगीत थेट अमेरिकेतल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. पहिला अर्धा भाग व्हायोलिनांत न्हाऊन निघतो. आणि शेवटी ते लहान लेकरू घरात पाऊल टाकतं तेव्हा काही म्हणजे काही ऐकू येत नाही. इतकं श्रीमंत संगीत ज्याच्या हाती आहे त्यानंच ते बंद करावं, यात दिग्दर्शकाची छाती दिसते. पहिला भाग वीस मिनिटांनी कापता आला असता, हे माझं मत मी गावात मोठ्यानं बोलत नाही.

मंजुळेंचाच ‘फॅन्ड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ ला, बरोबर व्हॅलेंटाइन डेला लागला. जोडप्यांनी काय विचार करून तिकिटं काढली असतील देव जाणे. त्यातला राष्ट्रगीताचा प्रसंग बघा. डुक्कर तावडीत सापडायच्या बेतात आहे, शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, पोरगा जब्या थांबतो, बाप थांबतो, सगळं घर ताठ उभं राहतं आणि डुक्कर समोरून निघून जातं. हसू येतं आणि मग हसल्याची लाज वाटते. शेवटचा दगड तर कॅमेऱ्यावरच येतो. ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’मध्ये (१९०३) एक दरोडेखोर थेट प्रेक्षकांवर गोळी झाडतो. तो शॉट पिच्चरच्या सुरुवातीला लावायचा की शेवटाला, हे थिएटरवाल्यानं ठरवायचं अशी तेव्हा मुभा होती. जब्याचा दगड मात्र शेवटालाच लागतो. आधी लागला असता तर आपण चुकवला असता.

चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४) दाखवताना मला भीती होती, की तात्या झोपतील. ते जागे राहिले, न्यायाधीश झोपले. निकालाबिकालानं शेवट नाही. सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बागेतल्या बाकावर डुलकी घेतात, पोरं गोळा होऊन एकदम मोठ्यानं ओरडतात, साहेब दचकून उठतात आणि एका पोराच्या थोबाडीत बसते. बस्स. "झोपल्याला फटाका लावला की असंच असतंय," हे तात्यांचं समीक्षण. व्हेनिसच्या परीक्षकांनी त्याला बक्षीस दिलं, त्यांची कारणं याहून लांब असावीत.

त्याच ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ (२०२०) मला अर्धाच आवडला. गायक नायक झालेले आदित्य मोडक खरेच गायक आहेत, त्यामुळं गाण्यात खोट नाही. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर मोटारसायकल संथपणे जाते आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचा करडा आवाज चालू राहतो, ते शॉट अप्रतिम. तो आवाज कुणाचा माहीत आहे? दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. हे कळल्यावर मी ते प्रसंग नुसते डोळे मिटून पुन्हा ऐकले. बाकी नायकाचं अपयश इतकं नीटनेटकं मांडलंय, की मला त्याच्याऐवजी दिग्दर्शकाची शिस्त दिसत राहिली.

शांततेत बाजी मारली ती रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’नं. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचं सर्वोच्च बक्षीस घेऊन आला. तिथं पोचलेला हा पहिला मराठी सिनेमा. वडिलांच्या दहाव्यासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र. पार्श्वसंगीत शून्य. शेळ्या, वारा, भांडी, एवढंच. गावात पाहुणे जमले की "लग्नाचं काय?" हा प्रश्न किती वेळा येतो, ते बघताना मी माझ्या आत्याकडं हळूच पाहिलं. तिनं लगेच विचारलंच.

जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ही (२०२५ मध्ये प्रदर्शित) त्याच प्रश्नाचा. सुरुवातीला मुली बसल्यात आणि मुलगा खाली मान घालून उत्तरं देतोय: उंची किती, रंग कसा, काम काय करता. माझ्या मैत्रिणींनी टाळ्या पिटल्या. मग ते स्वप्न निघतं आणि उरलेला वेळ पाट, पोहे आणि तेच प्रश्न उलट्या बाजूनं. तोच तोच प्रसंग पुन्हा येतो, अशी एकाची तक्रार होती. अरे बाबा, मुलींना तो तसाच पुन्हा पुन्हा येतो.

लंकेला आग कुणी लावली?

आमच्या धंद्याचा मूळपुरुष मी दादासाहेब फाळक्यांना मानते. ते जादूचे प्रयोगही करायचे, आपलं आडनाव उलटं करून प्रोफेसर केल्फा या नावानं. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) बाई मिळेना म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. पडद्यावर राम आला की लोक चपला काढायचे. तोच माणूस पुढच्या प्रसंगात पदर घेऊन अशोकवनात! डबल रोलचं एवढं कौतुक अमिताभच्या वाट्यालाही आलं नसेल.

आणि आमच्या जिल्ह्याचा हिरो? तेरचे संत गोरोबाकाका. कन्नडमध्ये ‘भक्त कुंबार’ (१९७४) निघाला आणि डॉ. राजकुमारांनी गोरा कुंभार साकारला. चिखल तुडवताना नामस्मरणात लेकरू पायाखाली येतं, तो प्रसंग मी भाषा न कळता पाहिला. आजीनं शेजारी बसून आधीच पुढचं सगळं सांगून टाकलं. सातशे वर्षांपूर्वीच्या कथेचा स्पॉयलर म्हणून तक्रार तरी कुणाकडं करायची!

ताजा कलम: गब्बर मेला

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला लागला तेव्हा आणीबाणी होती. ठाकूरनं खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवायचं हा मूळ शेवट सेन्सॉरला चालला नाही, म्हणून ऐनवेळी पोलीस येतात. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं इंग्लंडमधल्या एका गोदामात ठेवलेली रिळंही धुंडाळून पिच्चर दुरुस्त केला आणि जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याला मूळ शेवटासकट दाखवला. मला नवा-जुना शेवट जास्त पटला. ठाकूर सूड घेऊन रडतो आणि सूड फुसका निघाल्याचं त्याच्या तोंडावर दिसतं. गल्लीत मात्र पोलिसांच्या बाजूनं एकही मत पडलं नाही, ठाकूरच्या रडण्याच्याही नाही. चर्चा सगळी पुलावर. जय गोळी झाडून डायनामाइट उडवतो, तो पूल.

"गोळीनं उडंल का हो तात्या?"

तात्यांनी तो तुकडा मागं नेऊन दोनदा बघितला. मग म्हणाले, "आदी त्यो पूल कुणाच्या मालकीचा हाय ते बघ."

पुढच्या सुट्टीत ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ दाखवणार आहे. त्यातला पूल खरा बांधून खरा उडवलाय.